पाटीत बसलेल्या पोरी

सोलापुरात संध्याकाळी ऊन उतरलं की मैदानावर खो-खोच्या पोरी दिसायला लागतात. मी त्यांच्यातच वाढले आणि आता लहान गटाला शिकवते. नवीन पोरीला सगळ्यात जास्त कंटाळा कशाचा येतो माहितीय का, पाटीत, म्हणजे दोन खुंटांमधल्या रांगेत, बसायचा. तिला पळायचं असतं, सूर मारून खुंटाजवळ कुणालातरी आऊट करायचं असतं, आणि आम्ही सांगतो बस.

पण ते बसणं म्हणजे आराम नाही हो. आठ जणी आलटून पालटून उलट्या दिशेला तोंड करून बसतात, पंजे रोवलेले, हात जमिनीवर, डोळे पळणारीवर आणि कान मागे, कारण खो पाठीमागून येतो आणि तो मिळायच्या आत उठलं तर फाऊल. उठल्यावर एकदा दिशा घेतली की खुंटापर्यंत मागे वळता येत नाही. बाळंतपणानंतर माझा खेळ सुटला होता ना, तेव्हा हे बसणंच कामाला आलं, घरातल्या घरात पाय तयार ठेवत राहिले आणि बोलावणं आलं तशी मैदानात उतरले.

आपल्याच जिल्ह्यातल्या मिरे गावच्या किरण नवगिरेचं मी पोरींना नेहमी सांगते. शेतकऱ्याची मुलगी, आधी भालाफेक, गोळाफेक करायची. क्रिकेटकडे वळली, खेळायला पार नागालँडच्या टीममध्ये गेली आणि २०२२ मध्ये अरुणाचलविरुद्ध टी-ट्वेंटीत नाबाद १६२ मारले! टी-ट्वेंटीत दीडशेच्या पुढे जाणारी ती पहिली भारतीय, पुरुष-बायका सगळे धरून. त्याच वर्षी इंडियाकडून खेळली पण. भाला फेकून कमावलेला खांदा तिच्या सिक्सरमध्ये दिसतो असं मला तरी वाटतं, म्हणजे ती वर्षं काय वाया गेली नाहीत.

आणि खो-खोत पुढे काय आहे असं विचारणाऱ्या पालकांना आता सांगायला माझ्याकडे वर्ल्ड कप आहे. १९ जानेवारी २०२५, दिल्ली, फायनलला आपल्या पोरींनी नेपाळला ७८-४० हरवलं, कॅप्टन आपल्या महाराष्ट्राची प्रियांका इंगळे. दुसऱ्या दिवशी ग्राउंडवर आल्या त्या सगळ्या एकदम बोलत होत्या, आणि त्यातली एक, जी पाटीत बसायला सगळ्यात जास्त कुरकुर करते, ती म्हणाली मॅडम मला पण इंडिया खेळायचंय. मी हसले नाही, कुणाला हसू पण दिलं नाही. म्हटलं, मग उद्यापासून अर्धा तास आधी ये, खांद्याचं काम करू.

ती येते. बऱ्याचदा तिची आईच तिला सोडायला येते, आणि कामावर परत जायच्या आधी पाच मिनिटं कडेला थांबून बघते. बाकीच्या आयांनो, बाबांनो, तुम्ही पण या की एकदा. मार्कांचं आपण नंतर बोलू.