तीन खाड्या आणि पाचशेची एक नोट

गेल्या डिसेंबरात हरिहरेश्वर ते रत्नागिरी हा किनाऱ्याचा रस्ता आम्ही उभयतांनी मोटारसायकलवरून एका दिवसात पार केला. या वाटेवर सावित्री, वाशिष्ठी आणि शास्त्री या तीन नद्यांच्या खाड्या आडव्या येतात, आणि त्या अनुक्रमे बागमांडला–वेशवी, दाभोळ–धोपावे आणि तवसाळ–जयगड येथे फेरीबोटीने, म्हणजे स्थानिक बोलीतल्या ‘जंगलजेटी’ने, ओलांडाव्या लागतात. सागरी महामार्गाचे पूल होतील तेव्हा होतील. तूर्त प्रवासाचा हिशेब किलोमीटरांत मांडणाऱ्याची फसगत ठरलेली आहे.

आमची फसगत यांपैकी एका जेट्टीवर झाली. कोणत्या, ते मुद्दाम लिहीत नाही. आम्ही पोहोचलो तेव्हा बोट धक्क्याला लागलेली होती, गाड्या चढत होत्या, आणि खिडकीवर आमच्यापुढे कोणीही नव्हते. मी पाचशेची नोट पुढे केली. आतल्या गृहस्थांनी ती हातात न घेताच सांगितले, “सुट्टे आणा, मग तिकीट.” भ्रमणध्वनीवरून पैसे पाठवावेत, तर डोंगराच्या कुशीतल्या त्या जागी रेंजची एक रेघही उमटेना. मी वर टपरीवर धावलो, गरज नसताना दोन कोकम सरबते घेतली, तर टपरीवालीने माझ्या नोटेकडे पाहून हसत म्हटले, “सकाळपासून सगळे पाचशेच घेऊन येतायत हो दादा, मी तरी कुठून आणू?” सरबताचे पैसे पत्नीच्या पर्समधल्या नाण्यांतून भागले. अखेर बर्फाच्या टेम्पोवाल्याने शंभराच्या पाच नोटा मोजून दिल्या. त्यांतली एक चिकटपट्टीने जोडलेली होती आणि सगळ्यांना मासळीचा वास येत होता, पण त्या क्षणी मला त्याच्या पाया पडावेसे वाटले. खाली आलो तेव्हा बोटीची फळी वर उचलली गेली होती.

पुढची बोट कधी, या प्रश्नाला “येईल की” एवढेच उत्तर मिळाले. वेळापत्रकाचा फलक खाऱ्या वाऱ्याने इतका गंजला होता की त्यावरचा एकही आकडा वाचता येत नव्हता. पुढची बोट आली तीही लग्नाच्या वऱ्हाडाच्या गाड्यांनी भरली. दुचाकी मोटारींच्या मधल्या फटीत घेतात, त्यामुळे आपल्याला जागा मिळतेच, असा माझा समज होता. त्या दिवशी फटीतही वऱ्हाडीच उभे होते. पावणेदोन तास आम्ही उन्हात काढले, आणि त्यातला बराच वेळ पत्नीने मला सकाळी हॉटेलात मिळालेली सुटी चिल्लर मी बक्षिसी म्हणून ठेवून आल्याची आठवण करून देण्यात घालवला. तेव्हा दहा-वीसच्या नोटा वेगळ्या खिशात ठेवाव्यात, हे मी आता अधिकाराने सांगू शकतो.

ओहोटीच्या वेळी धक्क्याचा खालचा उतार उघडा पडतो आणि त्यावर शेवाळ असते, हे आधीच सांगायला हवे होते. तिथे मागे बसलेल्याला उतरवावे, गाडी पहिल्या गिअरमध्ये सोडावी आणि पुढच्या ब्रेकला हात लावू नये. बोटीवरही गाडी गिअरमध्येच ठेवावी.

बाकीच्या दोन बोटी विनासायास मिळाल्या. हर्णैचा सुवर्णदुर्ग रस्त्यावरूनच पाहिला, हेदवीच्या गणपतीला मात्र वाकडी वाट करून गेलो. केशवसुतांच्या मालगुंडला पोहोचेपर्यंत दिवेलागण झाली होती. ज्याच्यासाठी हा सगळा घाट घातला, तो गणपतीपुळ्यानंतरचा आरे-वारेचा रस्ता आम्ही गाडीच्या दिव्यापुरताच पाहिला. उजवीकडे समुद्र आहे, हे नुसते गाजेवरून कळत होते. दुसऱ्या दिवशी घरी परतायचे असतानाही पहाटे उठून रत्नागिरीहून आरे-वारेपर्यंत उलटे गेलो आणि वळणावर गाडी उभी करून तासभर बसलो. पत्नीने शहाळी घेतली आणि शहाळेवाल्याला मोजून सुटे पैसे दिले.