मासेबंदीतले पान

समुद्रातली यांत्रिक मासेमारी दरवर्षी १ जून ते ३१ जुलै बंद असते आणि त्या दोन महिन्यांत सिंधुदुर्गातल्या आमच्या शिरोड्यात सुक्या बांगड्यांवर भागवावे लागते. जेवणाच्या पानात मासा नाही, तर वहीच्या पानावर तरी असावा, अशा काहीशा हट्टाने मी यंदा जूनमध्ये माझ्या चित्रवहीचे एक पान मासळीला दिले. रंग, कपटे, दोऱ्या, स्वयंपाकघरातले जिन्नस असे काहीही चालणारी ही मिश्रमाध्यमाची वही मी कोणाला दाखवण्यासाठी ठेवलेली नाही. त्यामुळे तिच्यात पोरखेळ करायला मला संकोच वाटत नाही.

कल्पना सावंतवाडीच्या गंजिफांवरून, म्हणजे हाताने रंगवलेल्या खेळायच्या पत्त्यांवरून सुचली. दशावतारी गंजिफांत १२० गोल पत्ते असतात. दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येक रंगात राजा, प्रधान व एक ते दहा असे बारा पत्ते. मी त्यातला मत्स्याचा रंग उचलला, पेल्याचे बूड ठेवून बारा वर्तुळे आखली आणि सुरमईला राजा, सरंग्याला प्रधान व पेडव्यांना उरलेली प्रजा केले. आईने डोकावून एवढेच विचारले, "बांगड्याक खंय ठेवलंस गो?" गंजिफांत जोकर नसतो हे ठाऊक असूनही मग तेरावे वर्तुळ काढावे लागले.

कागद ३०० जीएसएमचा, म्हणजे चांगला जाडजूड होता, कारण साधी वही पावसाळ्यात नुसत्या हवेनेच वाकते, तिथे पाण्याचे रंग ती काय सोसणार! पानाच्या खालच्या भागाला जेसोचा, म्हणजे रंगाखाली द्यायच्या पांढऱ्या अस्तराचा हात दिला, म्हणजे त्यावर ॲक्रिलिक नीट धरते. वरचा भाग मात्र कोराच ठेवला, कारण तिथे समुद्र करायचा होता आणि त्यासाठी पाणी पिणारा कागदच हवा. निळा जलरंग ओला असतानाच त्यावर जाडे मीठ भुरभुरले. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहामुळे शिरोड्याचे नाव सर्वदूर गेले, त्या गावात राहून दुकानातले पाकीटबंद मीठ वापरणे मला बरे वाटेना, म्हणून मिठागरातलेच घेतले. प्रत्येक खडा भोवतालचे पाणी ओढून घेतो, त्याबरोबर रंगही सरकतो आणि सुकल्यावर तिथे फिकट चांदणी उरते.

खरी गंमत आगळाने केली. समुद्राच्या कडेला कोकमाचे आगळ फासले, तर सुरेख लालभडक पट्टा उमटला. त्यावर आजीच्या पानाच्या डब्यातला चुना काडीने लावला आणि काडी जाईल तिथे लाल रंग निळसर-हिरवट होत गेला. कोकमातले अँथोसायनिन आंबटपणात लाल दिसते आणि चुन्यासारख्या अल्कलीत निळ्याहिरव्याकडे झुकते, हे शाळेत शिकले होते. पण काडीच्या टोकाशी शेवाळ उगवताना पाहिल्यावर मी अर्धी डबी चुना संपवला आणि आजीची बोलणी खाल्ली.

सुरमईचे अंग एसटीच्या तिकिटांचे केले. मशीनमधून निघणारी ही तिकिटे उष्णतेने काळी पडणाऱ्या कागदाची असतात. त्यांवर गरम इस्त्रीची कड अलगद टेकवली की सुरमईच्या अंगावर असतात तसेच पाठीकडून पोटाकडे जाणारे करडे पट्टे उमटतात. खवले मे महिन्यात आणलेल्या तांबोशीचे, साबणाने धुऊन वाळवलेले. कडेला काथ्याची दोरी चिकटवली. पिकासोने १९१२ मध्ये मेणकापडाचा तुकडा कॅनव्हासवर डकवून भोवती दोरी लावली होती, तेव्हा ही उचलेगिरी थोर घराण्यातली आहे.

चूक एकच झाली, ती मिठाची. रंग सुकल्यावर खडे झटकून टाकायचे असतात. मला ते चमकताना आवडले म्हणून मी तसेच ठेवले. जाड्या मिठातले मॅग्नेशियम क्लोराइड हवेतला ओलावा ओढत राहते आणि कोकणातल्या जुलैत त्याला ओलाव्याची काय कमतरता! समुद्राला रोज घाम फुटू लागला, आगळातले मीठही त्याला सामील झाले आणि समोरच्या कोऱ्या पानावर अर्धा सरंगा उलटा उमटला. मध्ये बटर पेपर घातला, पण उपयोग झाला नाही. शेवटी आईनेच वही उचलून चुलीच्या उबेला, सुक्या बांगड्यांच्या डब्याशेजारी ठेवली. पान आता कोरडे आहे, पण वही उघडली की जोकरच्या अंगाला अगदी खराखुरा वास येतो.