फुगे न फुगलेला तास

स्मरणिकेसाठी 'शाळेची एखादी आठवण लिही' असा निरोप आला, तेव्हा मैत्रिणींना वाटलं मी गॅदरिंगच्या नाटकावर लिहीन. मला मात्र आठवली ती बूड कापलेली प्लास्टिकची बाटली.

आठवी ब, १९९६. श्वसनसंस्थेचा धडा. सरांनी बाटलीच्या बुचातून वाय आकाराची नळी घातली, तिच्या दोन टोकांना फुगे. कापलेल्या तळाला मोठ्या फुग्याचं रबर ताणून बसवलं. बाटली म्हणजे छातीचा पिंजरा, फुगे म्हणजे फुप्फुसं, खालचं रबर म्हणजे श्वासपटल. सरांनी रबर खाली ओढलं. फुगे ढिम्म. पुन्हा ओढलं. मागच्या बाकांवर खसखस पिकली. फुगे मीच बांधले होते, त्यामुळे माझी मान खाली. सरांनी बाटली कानाशी धरली, हसले आणि म्हणाले, "गाठी पक्क्या आहेत गं. बूच गळतंय." मेणबत्ती पेटवून त्यांनी बुचाभोवती मेण ओतलं. या वेळी रबर ओढताच दोन्ही फुगे लिंबाएवढे फुगले.

"फुग्यांनी हवा ओढली का? नाही. आत जागा वाढली, दाब कमी झाला, म्हणून बाहेरची हवा आत घुसली. फुप्फुसाला श्वास ओढायला स्वतःचे स्नायू नाहीत. छाती नेईल तिकडे ते जातं."

(सहामाहीत मी दोन्ही फुप्फुसं सारखी काढली. उजव्याचे तीन भाग, डाव्याचे दोनच, म्हणून अर्धा मार्क गेला. अजून सलतो.)

पुढे मी फिजिओथेरपिस्ट झाले. नोकरीच्या पहिल्याच वर्षी मोटरसायकलवरून पडलेला एक मुलगा वॉर्डात आला. मोडलेली बरगडी फुप्फुसात घुसली होती. एक्स-रेत छातीची एक बाजू काळी आणि फुप्फुस मुठीएवढं आक्रसलेलं. छाती आणि फुप्फुस यांच्यामधल्या जागेत हवा शिरली होती. छाती वरखाली होत होती, पण त्या बाजूचं फुप्फुस काही फुगत नव्हतं. आमचं गळकं बूच! डॉक्टरांनी बरगड्यांमधून नळी घातली आणि तिचं दुसरं टोक बाटलीतल्या पाण्याखाली बुडवलं. खोकला आला की बुडबुडे येत. हवा बाहेर पडे, पाण्यामुळे परत आत जात नसे. सरांनी मेण ओतलं होतं, इथे पाण्याने काम केलं.

पोटाच्या ऑपरेशननंतर आम्ही पेशंटच्या हातात खोल श्वास ओढायच्या सरावाचं, तीन छोट्या चेंडूंचं यंत्र देतो. दहातले आठ जण त्यात फुंकतात. "काका, फुंकायचं नाही, ओढायचं," हे मी दिवसातून वीसदा तरी म्हणते. साध्या श्वासात अर्धा लिटर हवा येते, त्यातली दीडशे मिलिलिटर श्वासाच्या नळ्यांतच अडकून परतते. टाके दुखतात म्हणून माणूस उथळ श्वास घेतो, मग तोटा आणखी वाढतो आणि तळाचे वायुकोश मिटून बसतात. तीसेक कोटी वायुकोश, उलगडून अंथरले तर सत्तर चौरस मीटरच्या आसपास. आठवी ब त्यात सहज मावली असती, मागच्या बाकांसकट.

दहावीच्या प्रॅक्टिकलला गेलो तेव्हा ती बाटली प्रयोगशाळेच्या कपाटावर होती. फुगे वाळून नळीला चिकटले होते. मेण तसंच होतं, वर सरांच्या अंगठ्याचा ठसा.