बंद छतातली एक वायर : सीलिंग स्पीकर बसवण्याचा माझा अनुभव

पुण्यातील आमच्या सदनिकेच्या नूतनीकरणात दिवाणखान्याच्या छतात चार स्पीकर बसवायचे ठरले. स्पीकर निवडणे, जागा आखणे आणि छिद्रे कापणे ही कामे आठवडाभरात उरकली. पुढचा सव्वा महिना मात्र एका वायरीने खाल्ला, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

जिप्सम बोर्ड बंद झाले, रंगाचे दोन हात मारून झाले आणि अॅम्प्लिफायर सुरू केला, तर आवाज थोडा वाढवताच तो संरक्षणासाठी आपोआप बंद पडू लागला. वायरमनच्या मते अॅम्प्लिफायर सदोष होता, विक्रेत्याच्या मते वायरिंग, आणि सीलिंगच्या कंत्राटदाराने तर वायरींशी आपला संबंधच नाही असे सांगून टाकले. तिघांना एका वेळी बोलावण्याचा प्रयत्न मी चार वेळा केला. तिघे एकदाही एकत्र आले नाहीत. सतरा दिवस असे गेल्यावर मी स्वतः मल्टिमीटर, म्हणजे विजेचा रोध मोजणारा मीटर, विकत आणला, अॅम्प्लिफायरच्या मागून सर्व वायरी सोडवल्या आणि एकेक जोडी मोजली. आमचे स्पीकर ८ ओहमचे (ओहम हे रोधाचे एकक) असल्याने मीटरवर साधारण ६ ओहम दिसणे अपेक्षित होते, आणि तीन जोड्यांवर तसे दिसलेही. चौथीवर आकडा जवळजवळ शून्य होता. तो स्पीकर छतातून उतरवून, वायरीचे दुसरे टोक मोकळे ठेवून पुन्हा मोजले, तरीही शून्यच, म्हणजे तिच्या दोन तारा मध्येच कुठेतरी जोडल्या गेल्या होत्या. दोष वायरीतच होता, हे आता कोणालाही नाकारता येण्यासारखे नव्हते.

बोर्ड कापल्यावर कारण दिसले. वायर ठरल्याप्रमाणे पाइपमधून नेलेलीच नव्हती. ती पत्र्याच्या चॅनेलवरून सैल टाकली होती आणि बोर्डाचा एक स्क्रू तिच्या दोन्ही तारांमधून आरपार गेला होता. पाइप असता तर स्प्रिंग (वायर ओढायची लवचिक तार) टाकून नवी वायर तासाभरात ओढता आली असती. आम्हाला दहा फूट छत उघडावे लागले. म्हणून बोर्ड लावण्यापूर्वी एकदा आणि लावल्यानंतर, पण रंगापूर्वी, पुन्हा एकदा प्रत्येक वायर मोजून घ्यावी, आणि तोवर शेवटचा हप्ता कोणालाही देऊ नये. उघड्या छताची फोटोही काढावीत, तेही मापाची टेप भिंतीला लावून.

वायर निवडताना जाडी पाहावी. पंधरा मीटरपर्यंतच्या अंतराला २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर पुरेशी आहे. टोक खरवडल्यावर आतून चंदेरी रंग दिसला, तर ते तांबे नसून तांब्याचा मुलामा दिलेले अॅल्युमिनियम असते. विजेच्या लाइनपासून स्पीकरची वायर फूटभर दूर ठेवावी, आणि ओलांडावी लागलीच तर काटकोनात.

चारपैकी एखाद्या स्पीकरची धन-ऋण जोडणी उलटी झाली की तो वाजतो, पण एकूण आवाजातला खर्ज हरवतो. दीड व्होल्टचा सेल वायरीच्या टोकांना क्षणभर लावावा. सेलचे धन टोक धन तारेला असताना स्पीकरचा पडदा बाहेर सरकला, तर जोडणी बरोबर आहे. आमच्या दुरुस्तीनंतर मी चारही स्पीकर असेच तपासले आणि सर्व नीट वाजले.

बोर्डाचा जोड मात्र संध्याकाळच्या तिरप्या उजेडात आजही दिसतो, आणि त्या दहा फुटांच्या रंगाचे पैसे मलाच भरावे लागले.