काकवियाचा ब गट

काकविया हा देश १९९२ च्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्या स्वयंपाकघराच्या फरशीवर तयार झाला. बाबा कोल्हापूरच्या मार्केट यार्डात एका गुळाच्या अडत्याकडे दिवाणजी होते. त्यांनी घरी आणलेल्या गुळाच्या रव्याचा, म्हणजे ढेपेचा, एक फुटका तुकडा मी वहीच्या पानावर ठेवला आणि कडेकडेनं पेन्सिल फिरवली. झाला नकाशा. मी अकरा वर्षांचा, ताई चौदाची. त्या पानावर अजून तांबूस चिकट डाग आहे आणि उत्तरेच्या किनाऱ्यावर एक भोक आहे. तेवढा प्रांत मुंग्यांनी नेला.

गावांची नावं गुऱ्हाळातली. काहील ही राजधानी. मग चुलवाण, घाणा, वाफा, आणि दक्षिणेच्या टोकाला चिपाडवाडी. चिपाडवाडी माझी. देश झाल्यावर त्याला फुटबॉलची लीग असणार हे आम्ही ठरवलंसुद्धा नाही, ते होतंच. कोल्हापुरात वाढलेल्या पोराला दुसरं काय सुचणार? पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल ही आमच्याकडे तालमींची नावं आहेत आणि फुटबॉलच्या संघांचीही. कुस्तीच्या आखाड्याभोवती जमलेली पेठ शाहू स्टेडियमवर आपल्या संघामागे जाऊन बसते. संघ म्हणजे पेठ, हे मला कुणी शिकवलं नाही. म्हणून काकवियातही ‘काहील तालीम’, ‘घाणा तालीम’ असेच संघ झाले.

दहा संघ, प्रत्येकाशी दोनदा, म्हणजे ९० सामने. वेळापत्रक जमेना. दोन फेऱ्यांनंतर कुणीतरी उरायचंच. शेवटी ताईनं दहा रिकाम्या काडेपेट्या घेतल्या, पाच-पाचच्या दोन ओळी समोरासमोर मांडल्या, पहिली पेटी जागेवर ठेवली आणि बाकीच्या नऊ घड्याळासारख्या एकेक घर पुढं सरकवल्या. नऊ वेळा सरकवल्यावर प्रत्येकाची प्रत्येकाशी गाठ पडली. जगभर लीगची वेळापत्रकं मुळात याच पद्धतीनं लावतात, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. काडेपेट्या अजून आहेत, त्यांच्यावरचे कागद तेवढे दोनदा बदलले.

गोल सापशिडीच्या फाशानं. पाहुण्या संघाला १ किंवा २ पडले तर शून्य, ३ किंवा ४ ला एक गोल, ५ ला दोन, ६ ला तीन. यजमानाला थोडं झुकतं माप: १ ला शून्य, २-३ ला एक, ४-५ ला दोन, ६ ला तीन. मोठेपणी एकदा बसून हिशेब केला. ३६ शक्यतांपैकी १७ वेळा यजमान जिंकतो, ९ वेळा बरोबरी, १० वेळा पाहुणा. एका सामन्यात सरासरी पावणेतीनच्या आसपास गोल. खऱ्या लीगमधले आकडे याच्या फार लांब नसतात. अंदाजानं केलेला तक्ता इतका बरोबर बसावा, याचा मला आजही आनंद होतो.

सुरुवातीला जिंकल्याचे गुण दोन होते. १९९४ च्या वर्ल्ड कपमध्ये पहिल्यांदा तीन गुण दिले, तसे आम्हीही दिले. मग जुना हंगाम नव्या नियमानं मांडून पाहिला आणि पोटात खड्डा पडला. घाणा ८ विजय आणि ९ बरोबऱ्यांवर २५ गुण घेऊन चॅम्पियन होता, काहील ११ विजय आणि २ बरोबऱ्यांवर २४ वर थांबला होता. तीन गुणांनी मोजलं की घाणा ३३, काहील ३५. वहीत मात्र चॅम्पियन घाणाच आहे. ज्या नियमानं खेळले त्याच नियमानं जिंकले.

पण मला खरं सांगायचंय ते चौथ्या हंगामाबद्दल. तोवर नववा आणि दहावा संघ खेळताना आम्हाला कंटाळा यायचा. फासे कसेतरी टाकायचो. म्हणून नियम केला, शेवटचे दोन खाली उतरणार. त्या वर्षी तळातल्या सामन्यांना ताई अभ्यास सोडून यायला लागली. आणि शेवटच्या फेरीत माझी चिपाडवाडी अडकली. वाफ्याशी आपल्या मैदानावर जिंकायलाच हवं होतं. मी टाकला, ४ पडले, दोन गोल. ताईनं वाफ्यासाठी टाकला, ५. दोन-दोन. फासा फरशीच्या सांध्यात तिरका बसलाय असं म्हणून मी उचलायला गेलो, तर तिनं त्याच्यावर हात ठेवला.

“पडलं ते पडलं. लिही.”

मी लिहिलं नाही. त्या ओळीतलं ‘चिपाडवाडी उतरली’ हे तिच्या अक्षरात आहे. मी कोपऱ्यात जाऊन बसलो, तेव्हा थोड्या वेळानं तिनंच विचारलं, “पण उतरून जाणार कुठं रे?” खाली काहीच नव्हतं! रात्री जेवणं झाल्यावर आम्ही आणखी आठ गावं वसवली आणि ब गट सुरू केला. चिपाडवाडी तिथं सहा हंगाम होती. त्या सहा वर्षांत मी अ गटापेक्षा ब गटाचे सामने जास्त मन लावून खेळलो.

२०१० मध्ये महिंद्रा युनायटेड आणि २०११ मध्ये जेसीटी हे देशातले दोन मोठे फुटबॉल संघ बंद झाले, तेव्हा मला त्या ब गटाची आठवण आली. दोघेही राष्ट्रीय लीग जिंकलेले. जेसीटी तर १९९६-९७ च्या पहिल्याच लीगचे विजेते. ते हरून खाली गेले असते तर वाईट वाटलं असतं, पण पुढच्या वर्षी वाट पाहता आली असती. बंद झालेल्या संघाची वाट कशी पाहायची? २०१४ मध्ये आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग, आली, तेव्हा तिच्यातून खाली जायची सोयच नव्हती. झगमगाट मला आवडला, पण शेवटच्या संघाचे सामने बघताना फरशीवरचा जुना कंटाळा परत आला.

मिझोरामच्या ऐझॉल संघाचं कोडं मात्र मला अजून सुटलेलं नाही. २०१५-१६ मध्ये ते आय-लीगमधून, म्हणजे तेव्हाच्या राष्ट्रीय लीगमधून, खाली घसरले. मग गोव्याच्या क्लबांनी माघार घेतली, त्यामुळे ऐझॉलला परत घेतलं, आणि ३० एप्रिल २०१७ ला शिलाँगमध्ये एक-एक अशी बरोबरी साधून ते चॅम्पियन झाले. ताईच्या नियमानं त्यांना त्या वर्षी लीगमध्ये जागा नव्हती. आणि तरी त्या संध्याकाळी माझे डोळे भरून आले होते. ताईला फोन केला, तर तीही रडत होती.

ती आता मडगावला असते. मधली चार वर्षं नोकरीच्या धावपळीत वही बंद होती, पण आता रविवारी संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर फेरी होते. पाहुण्यांचा फासा तिचा, ती तो पोळपाटावर टाकते. या रविवारी शेवटची फेरी आहे. चिपाडवाडी आठवी, चुलवाण एका गुणानं मागे, आणि सामना त्या दोघांचाच, चुलवाणच्या मैदानावर. म्हणजे या वेळी चिपाडवाडीचा फासा ताईच्या हातात. आमटी उतरवल्याशिवाय सुरू करायचं नाही, असा तिचा निरोप आलाय.