मोरीतला एकच टॉवेल

2023 च्या जुलैत कोल्हापुरात दोनच विषय होते: राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फुटांवर गेलं आणि कुणाकुणाचे डोळे आले. आमच्या गल्लीपर्यंत पूर येत नाही, त्यामुळं पहिला विषय आम्ही नुसता ऐकायचो. दुसरा मात्र धाकट्याच्या दप्तराबरोबर शाळेतनं घरात आला.

सकाळी उठला तर पापण्या चिकटलेल्या, डोळा लालभडक. सासूबाई लगेच म्हणाल्या, "त्याच्या डोळ्यांत बघू नकोस गं, तुझे येतील." मीही लहानपणापासून हेच ऐकत आलेली. म्हणून मान वळवून, न बघता, मोरीतल्या टॉवेलनं त्याचं तोंड खसाखसा पुसलं. त्याच टॉवेलला आम्ही नऊ माणसं तोंड पुसतो. पुसायचो.

आठ दिवसांनी माझ्या डाव्या डोळ्यात वाळू गेल्यासारखं खुपायला लागलं. कोपऱ्यावरच्या मेडिकलमधनं थेंब आणले, घातले, लाली जरा उतरली आणि मी खूश. तिसऱ्या दिवशी उजवा डोळाही आला, तेव्हा दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाईंनी आधी कानापुढं बोट दाबून बघितलं. तिथं गाठ आली होती, दुखतही होती. म्हणाल्या, हे विषाणूचं आहे, बहुतेक अॅडिनोव्हायरस. मग थेंबांची बाटली मागितली आणि लेबल वाचून कपाळाला हात लावला. त्यात स्टेरॉइड होतं. त्यानं लाली दबते, पण विषाणू डोळ्यात जास्त दिवस मुक्काम करतो. अँटिबायोटिकही दिलं नाही, विषाणूवर ते चालत नाही म्हणाल्या. डोळ्यांना ओलावा देणारे साधे थेंब, गार पाण्याच्या पट्ट्या आणि धीर. एवढ्यासाठी पावसात रिक्षा करून गेले होते.

पण खरी कामाची गोष्ट मला निघता निघता कळली. पर्समधनं सॅनिटायझर काढून हातावर घेतला, तर म्हणाल्या, "ह्याच्या भरवशावर राहू नका." कोरोनाच्या विषाणूला चरबीचं वेष्टन असतं, ते अल्कोहोलनं फुटतं. ह्याला ते वेष्टनच नाही. त्यामुळं साबण लावून, नळाखाली वीसेक सेकंद चोळून हा धुऊन काढायचा. शिवाय दाराच्या कडीवर, मोबाईलवर, उशीवर तो कित्येक दिवस टिकतो. बघून काही होत नाही. डोळ्याचा हात कडीला, कडीचा हात दुसऱ्याच्या डोळ्याला, एवढाच त्याचा रस्ता.

घरी येऊन फर्मान काढलं, ज्याचा त्याचा टॉवेल वेगळा. म्हणायला सोपं. कोल्हापूरच्या जुलैत नऊ टॉवेल वाळवून दाखवा! दोन दिवसांत घरभर कुबट वास. शेवटी मामंजींचं जुनं धोतर फाडलं, त्याचे हातरुमालाएवढे तुकडे केले, प्रत्येकाच्या तुकड्याला वेगळ्या रंगाचा दोरा टाचला आणि भिंतीत नऊ खिळे ठोकले. रोज गरम पाण्यात साबणानं धुवायचे, वाळले नाहीत तर इस्त्री फिरवायची. डोळे पुसायला मात्र कापूस. नाकाकडून कानाकडं एकदाच पुसायचं आणि तो बोळा टाकून द्यायचा.

सासूबाई वैतागल्या. "घरात राहतोय का दवाखान्यात?" भांडण खरं पेटलं ते काजळाच्या डबीवरनं. जाऊबाईंच्या तान्हीला त्या रोज बोटानं काजळ घालायच्या, आणि तेच बोट मग स्वतःच्या डोळ्यांना. मी डबी उचलून कचऱ्यात टाकली. दोन दिवस अबोला. तान्हीचे डोळे आले नाहीत. काजळ बंद केल्यामुळं का नशिबानं, देव जाणे. जाऊबाईंचे आले, थोरलीचे आले. चौघांच्या थेंबांच्या चार बाटल्या नावं घालून ठेवल्या, आणि बाटलीचं टोक पापणीला टेकवायचं नाही म्हणून मी प्रत्येकाच्या उशाशी उभी.

चपात्यांचं काय, हा प्रश्न सगळ्यांनाच होता. जाऊही आडवी, मीही. मग हे आणि भाऊजी पिठात हात घालून बसले. त्या आठवड्यात आम्ही जे खाल्लं त्याला चपाती म्हणायला जीभ वळत नाही.

काळा चष्मा मी घातला, पण त्यानं साथ थांबत नाही. उजेड कमी खुपतो आणि हात सारखा डोळ्याकडं जात नाही, इतकंच. तो हात आवरणं सगळ्यात अवघड. दिवसातनं किती वेळा आपण डोळा चोळतो हे डोळा आल्यावरच कळतं.

लाली जायला बारा-तेरा दिवस लागले. नंतरही बरेच दिवस रात्री रंकाळ्यावर गेलं की दिव्यांभोवती धुरकट कडी दिसायची. बुबुळावर बारीक डाग राहिलेत, सावकाश जातील, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. तसे ते गेलेही.

खिळे अजून भिंतीत आहेत. सासूबाईंच्या हिरव्या दोऱ्याच्या तुकड्याला कुणी हात लावलेला त्यांना चालत नाही. ह्यांचा तुकडा मात्र पंधरवड्यातच गाडी पुसायला गेला.