डायजेस्टर आंबला तेव्हा

वार्षिक देखभालीनंतर डिस्टिलरी सुरू झाली आणि दुसऱ्याच आठवड्यात माझ्या हातून डायजेस्टर (जिवाणूंकडून सांडपाणी पचवून गॅस काढणारी बंद टाकी) आंबला, म्हणजे त्यात आम्ल साचलं. सांडपाणी विभागाचा केमिस्ट मी, त्यामुळे जबाबदारी सर्वस्वी माझी. तो सावरून पाणी पुन्हा प्लांटमध्ये वापरात येईपर्यंत जवळजवळ अडीच महिने गेले. ही वेळ दुसऱ्या कुणावर आली तर उपयोग व्हावा म्हणून सगळं लिहून ठेवतो आहे.

मळीपासून एक लिटर अल्कोहोल काढताना, पद्धतीप्रमाणे, साधारण ८ ते १५ लिटर स्पेंट वॉश, म्हणजे अल्कोहोल काढून उरलेलं सांडपाणी, निघतो. ऊर्ध्वपातनाच्या कॉलमच्या तळातून येतो तेव्हा गर्द तपकिरी, ९० अंशांच्या आसपास तापलेला, पीएच ४ ते ४.५. सीओडी, म्हणजे पाण्यातली घाण जिरवायला लागणारा प्राणवायू, लिटरला एक लाख मिलिग्रॅमच्या घरात. घरगुती सांडपाण्याचा काहीशेच असतो. हे पाणी ओढ्यात गेलं तर प्राणवायू संपून मासे तडफडून मरतात. म्हणून त्याचा एक थेंबही कुंपणाबाहेर जाऊ नये, हे मला मनापासून वाटतं.

पण त्याच घाणीत इंधन आहे. हवा न लागू देता जिवाणूंना खाऊ घातली की किलोभर सीओडीमागे अर्धा घनमीटर गॅस मिळतो आणि त्यात ५५ ते ६५ टक्के मिथेन असतो. तो बॉयलरला जातो.

माझी चूक अशी झाली. साठवण टाकी भरत आली होती, पीएच ७.२ दिसत होता, म्हणून तीन दिवसांत फीड, म्हणजे डायजेस्टरला द्यायचा स्पेंट वॉश, दुप्पट केलं. व्हीएफए (उडनशील आम्लं) आणि अल्कलिनिटी (आम्ल झेलण्याची क्षमता) मोजायचं टायट्रेशन मात्र ‘उद्या करू’ म्हणत राहिलो. डायजेस्टरमध्ये आम्ल साचू लागलं तरी बायकार्बोनेट ते झेलत राहतं, त्यामुळे पीएच बरेच दिवस ठीकच दिसतो. तो पडायला लागतो तेव्हा उशीर झालेला असतो.

पहिली शंका आली ती आमच्या जुन्या ऑपरेटर काकांना. रात्रपाळीत त्यांचा फोन आला, “साहेब, फ्लेअरची ज्योत फडफडतेय. गॅसला दम नाही.” जाऊन पाहिलं तर जादा गॅस जाळायच्या नळीवरची, एरवी जोरात, सरळ जळणारी ज्योत विझू-विझू करत होती. आउटलेटचा नमुना बाटलीत घेतला. नेहमी त्याला जड, गढूळ वास असतो. त्या रात्री नाकाला झोंबणारा, व्हिनेगरसारखा वास आला. टायट्रेशन केलं तर व्हीएफए आणि अल्कलिनिटीचं गुणोत्तर ०.९. ते ०.३ च्या आत हवं. पीएच ६.६ वर आला होता.

फीड लगेच बंद केलं. सकाळी प्रॉडक्शनच्या साहेबांसमोर उभं राहून सांगावं लागलं, “सर, प्लांट निम्म्यावर आणावा लागेल, टाकीत जागा उरलेली नाही.” ते चिडले, पण आकडे दाखवल्यावर त्यांनी ऐकलं. त्यांनी ऐकलं नसतं तर पुढचं काहीच जमलं नसतं.

कुणी म्हणालं, चुना टाका. मी नको म्हटलं. पीएच वर येतो खरा, पण चुन्याचे खडे तळाशी बसतात, पाइपात जमतात आणि डायजेस्टरचं आकारमान खातात. मोजकाच खाण्याचा सोडा दिला आणि रिसर्क्युलेशन, म्हणजे टाकीतलंच पाणी फिरवत राहणं, चालू ठेवलं. दुसरी अडचण तापमानाची. एरवी गरम फीडमुळे ३७ अंश आपोआप राहतात. फीड थांबल्यावर पारा उतरू लागला. मग रिसर्क्युलेशनच्या लाइनवर हीट एक्स्चेंजरला वाफ देऊन ते टिकवलं. दुसऱ्या चालू डायजेस्टरची स्लरी, म्हणजे जिवंत जिवाणूंचा पातळ गाळ, टँकरने आणून घातली. नऊ दिवस काहीच खायला दिलं नाही. मिथेन तयार करणारे जिवाणू फार सावकाश वाढतात. आम्ल बनवणारे मात्र काही तासांत दुप्पट होतात. हा वेगातला फरकच सगळ्याच्या मुळाशी आहे, आणि मी पहिल्या आठवड्यात नेमका तोच विसरलो होतो.

दहाव्या दिवशी गुणोत्तर ०.३५ वर आलं. नेहमीच्या दहा टक्के फीडने सुरुवात केली. नियम एकच ठेवला: सलग तीन दिवस ०.३ च्या आत, तरच पुढची वाढ, तीही पाच-दहा टक्क्यांची. पूर्ण भार यायला सात आठवडे लागले.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. या गॅसमध्ये हायड्रोजन सल्फाइड असतो. थोडा असेल तर सडक्या अंड्यांचा वास येतो, पण प्रमाण धोक्याच्या पातळीला गेलं की नाक बधिर होतं आणि वासच येत नाही. कॉलरला मीटर लावल्याशिवाय कुणालाही डायजेस्टरच्या माथ्यावर चढू देऊ नका.

डायजेस्टरमधून निघालेलं पाणीही काळसरच असतं. रंग मेलॅनॉइडिन नावाच्या तपकिरी द्रव्याचा, जिवाणू त्याला फारसा हात लावत नाहीत. ते पाणी आम्ही इव्हॅपोरेटरमध्ये आटवतो. घट्ट भाग प्रेसमडवर (उसाचा रस गाळून उरलेल्या गाळावर) फवारून कंपोस्ट होतो, पोटॅश त्यात राहतो. नळ्यांवर पापुद्रा चढतो, कॉस्टिकने धुवावं लागतं. ते नेहमीचंच काम.

कसोटी लागली ती कंडेन्सेटची, म्हणजे इव्हॅपोरेटरमधली वाफ थंड होऊन मिळणाऱ्या पाण्याची. बाटलीत धरलं तर पिण्याच्या पाण्यासारखं नितळ. झाकण उघडलं की अमोनियाचा भपका. हे तसंच कूलिंग टॉवरला सोडलं तर तांब्या-पितळेच्या नळ्या खाल्ल्या जातात, आणि फर्मेंटरला दिलं तर उरलेली उडनशील आम्लं यीस्टला मारक ठरू शकतात. म्हणून ते आधी हवा देऊन जिवाणूंच्या टाकीतून आणि मग आरओमधून घेतलं. प्रॉडक्शनला खात्री पटावी म्हणून लॅबमध्ये दोन फ्लास्क शेजारी ठेवले: मळी तीच, यीस्ट तेच, एकात ताजं पाणी, दुसऱ्यात आमचं. तिसाव्या तासाला दोन्हीतलं अल्कोहोल मोजलं. मोजणीच्या चुकीपलीकडे फरक नव्हता.

त्याच आठवड्यात एका फर्मेंटरला हे पाणी जोडलं. काकांनी व्हॉल्व्ह उघडला आणि पाइपावर हात ठेवून पाणी पुढे सरकल्याची खात्री करून घेतली. मी लॉगबुकात वेळ लिहिली आणि पुढच्या टायट्रेशनचा नमुना घ्यायला गेलो.